पदवीचा विषय निवडताना : अनिश्चितता, पर्याय आणि निर्णय

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षण संस्थांमध्ये सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी शिक्षण घेत होते. पदवी स्तरावर शिकणाऱ्यांपैकी ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत, १४.८ टक्के विज्ञान शाखेत, १३.३ टक्के वाणिज्य शाखेत आणि ११.८ टक्के अभियांत्रिकी व तंत्रज्ञान शाखेत होते. देशाच्या मनुष्यबळाचे चित्र रेखाटताना ही आकडेवारी उपयुक्त ठरते. मात्र यांपैकी किती जणांनी आपला विषय जाणीवपूर्वक निवडला, किती जणांना तो गुणांच्या टक्केवारीने दिला आणि किती जण केवळ मित्रांच्या सोबतीने एखाद्या शाखेत दाखल झाले, हा प्रश्न वेगळा आहे. बारावीनंतर ‘मला नेमके काय शिकायचे आहे, हेच कळत नाही’ असे म्हणणारा विद्यार्थी अपवादात्मक नाही. तो या चित्रातील अगदी सामान्य विद्यार्थी आहे.

त्याचा संभ्रम स्वाभाविकही आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी ज्या विषयांतून निवड करावयाची असते, त्यांतील बहुसंख्य विषय त्याने शाळेत पाहिलेलेच नसतात. मानववंशशास्त्र, भूविज्ञान, संख्याशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, लोकप्रशासन हे विषय माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात स्वतंत्रपणे येत नाहीत. अर्थशास्त्र येते, पण त्यातील गणिताचा भाग जवळजवळ दिसत नाही. म्हणजे न पाहिलेल्या गोष्टींमधून एक गोष्ट पसंत करावी, अशी आपल्या व्यवस्थेची अपेक्षा असते. अशा वेळी अनिश्चितता हा विद्यार्थ्याच्या स्वभावातील दोष मानणे अन्यायाचे होईल. ती बहुतांशी माहितीची उणीव असते आणि माहितीची उणीव भरून काढता येते. प्रस्तुत लेखात हा निर्णय घेताना कोणत्या बाबी तपासाव्यात, सध्याच्या नियमांनी कोणती सवलत दिली आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार केला आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. त्याचाही परामर्श घेतला आहे.

शाखांच्या भिंती

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शिक्षणात विविध अभ्यासक्रम असावेत आणि विद्यार्थ्यांना त्यांतून निवड करण्यासाठी मार्गदर्शन मिळावे, असे सुचविले होते. पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींमधून १०+२+३ हा आकृतिबंध आला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळावेत, असे उद्दिष्ट ठेवले. १९९२ च्या सुधारणेत हीच मुदत २००० पर्यंत पुढे न्यावी लागली. मार्गदर्शन आणि विविधता या दोन्ही गोष्टी कागदावर प्रारंभापासून होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तीन कप्प्यांची रचना रूढ झाली आणि दहावीच्या गुणांवरून कप्पा ठरू लागला. नव्वद टक्के मिळाले म्हणजे विज्ञान, हे समीकरण कोणत्याही आयोगाने सांगितलेले नाही. ते समाजाने तयार केले.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम, व्यावसायिक आणि शैक्षणिक प्रवाह यांच्यातील कठोर विभागणी नाकारली. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रम व श्रेयांक आराखडा जाहीर केला. अनिश्चित मनःस्थितीतील विद्यार्थ्याला या आराखड्यातून काय मिळू शकते, हे तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

श्रेयांकांचे गणित

श्रेयांक म्हणजे अध्ययनाचे मोजमाप. पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला एक तासाचे व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक; प्रात्यक्षिकासाठी तेवढ्याच श्रेयांकाला आठवड्याचे दोन तास द्यावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी किमान १६० श्रेयांक आवश्यक आहेत. तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी किमान ६० मुख्य विषयाचे, २४ दुय्यम विषयाचे आणि ९ बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे असतात. उर्वरित श्रेयांक भाषा, कौशल्ये, मूल्यवर्धित अभ्यासक्रम आणि कार्यानुभव यांत विभागलेले आहेत.

या विभागणीचा अर्थ असा, की मुख्य विषय हा पदवीचा निम्मा भाग आहे. संपूर्ण पदवी नव्हे. इतिहास आणि संख्याशास्त्र या दोहोंविषयी ओढ असलेल्या विद्यार्थ्याला पूर्वी एकाला निरोप द्यावा लागे. आता तत्त्वतः एक मुख्य आणि दुसरा दुय्यम म्हणून घेता येतो आणि २४ श्रेयांक म्हणजे केवळ तोंडओळख नव्हे. ज्याला दोन विषयांत निवड करता येत नाही, त्याने ‘कोणता घेऊ’ या प्रश्नाऐवजी ‘कोणता मुख्य आणि कोणता दुय्यम’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर पुष्कळदा सोपे होते, कारण एखाद्या विषयाची प्रयोगशाळा, क्षेत्रकार्य किंवा सलग गणिती बांधणी आवश्यक असेल तर तो मुख्य ठेवणे हिताचे असते. वाचनाने पुढे नेता येणारा विषय दुय्यम म्हणूनही चांगला वाढतो.

दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे दुसऱ्या सत्रानंतर, व्यापक विद्याशाखेच्या अंतर्गत मुख्य विषय बदलण्याची मुभा या आराखड्यात आहे. अशा बदलांसाठी मंजूर जागांपेक्षा १० टक्के अधिक जागा निर्माण करता येतील, असेही त्यात नमूद आहे. पहिले वर्ष अशा रीतीने काही अंशी परीक्षणाचे वर्ष ठरते. शिवाय शैक्षणिक श्रेयांक पेढीत (२०२१ च्या विनियमांनुसार) जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत वैध राहतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागल्यास, ४० श्रेयांकांबरोबर ४ श्रेयांकांचा उन्हाळी व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळते आणि तीन वर्षांच्या आत परतून पदवी पूर्ण करता येते. एकूण मर्यादा मात्र सात वर्षांची आहे.

येथे थोडे सावध राहणे आवश्यक आहे. आराखडा देशाचा असला तरी विद्यार्थी शिकतो तो एका विशिष्ट गावातील विशिष्ट महाविद्यालयात. ज्या महाविद्यालयात चारच विभाग आहेत, तेथे दुय्यम विषयाची निवड या चारांपलीकडे जाणार नाही. ज्या विभागात पूर्णवेळ अध्यापकाची जागा रिक्त आहे, तेथे विषय माहितीपत्रकात असेल, वर्गात नसेल. विद्यापीठांनी आराखडा स्वीकारताना आपापले नियमही केले आहेत. म्हणून प्रवेशापूर्वी माहितीपत्रक वाचून न थांबता महाविद्यालयात जाऊन काही साधे प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी कोणते दुय्यम विषय प्रत्यक्ष शिकवले गेले? मुख्य विषय बदलण्यासाठी किती अर्ज आले आणि किती मान्य झाले? चौथे वर्ष येथेच उपलब्ध आहे की अन्यत्र जावे लागेल? द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारले तर उत्तरे अधिक मोकळेपणाने मिळतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

धोरणे बदलू शकतात, याचेही भान हवे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि जून २०१४ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्या एका वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना पुन्हा तीन वर्षांच्या रचनेत सामावून घ्यावे लागले. त्याच विद्यापीठाने २०२२ मध्ये नव्या आराखड्यानुसार चार वर्षांची रचना पुन्हा स्वीकारली आणि तिचे चौथे वर्ष २०२५ मध्ये सुरू झाले. ज्याचा निर्णय केवळ एखाद्या सवलतीवर बेतलेला असतो, तो सवलत बदलताच अडचणीत येतो.

कोणती दारे बंद होतात?

अनिश्चित मनःस्थितीत सर्वांत उपयुक्त प्रश्न ‘मला काय आवडते’ हा नसून ‘आज काय सोडले तर उद्या परतता येणार नाही’ हा आहे. सर्व पर्याय या बाबतीत सारखे नसतात. वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुकला, कृषी, पशुवैद्यक, औषधनिर्माण या अभ्यासक्रमांचे मुख्य प्रवेशद्वार बारावीनंतरच असते. याउलट विधी, व्यवस्थापन, पत्रकारिता, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र यांची दारे कोणत्याही पदवीनंतर उघडी असतात. विधी शाखेचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो, तसाच तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरही करता येतो. सनदी लेखापाल परीक्षेसाठीही विहित गुण असलेल्या पदवीधरांना थेट प्रवेशाचा मार्ग आहे. वकील व्हावे की अर्थशास्त्र शिकावे, या पेचात असलेल्या विद्यार्थ्याला म्हणूनच लगेच निर्णय घेण्याची सक्ती नाही. अर्थशास्त्राची पदवी घेऊन तो विधी शाखेकडे वळू शकतो. उलट दिशेचा प्रवास मात्र तेवढा सुकर नाही.

विषयांच्या बाबतीतही हीच असमानता आढळते आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गणित. अकरावीत गणित सोडणे सोपे असते, कारण त्याचे परिणाम तत्काळ दिसत नाहीत. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षेत गणित हा विषय द्यावा लागतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्याशास्त्र पदवीसाठी बारावीत गणित असणे आवश्यक आहे. वायुदल अकादमीत संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेद्वारे जाण्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित नसेल तर अभियांत्रिकीची पदवी लागते. गणित आवडत नाही म्हणून ते सोडण्यास हरकत नाही. परंतु ‘अजून काहीच ठरले नाही’ एवढ्याच कारणाने सोडणे हा महागडा व्यवहार आहे. ज्याचे काहीच ठरलेले नाही, त्याने तर गणित धरून ठेवण्यास अधिक कारण आहे.

अलीकडील नियमांनी ही दारे काहीशी किलकिली केली आहेत, हे मान्य केले पाहिजे. सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली आणि ती मराठीसह १३ भाषांतून देता येते. २०२५ च्या परीक्षेपासून बारावीत जो विषय घेतला नाही, तोही या परीक्षेसाठी निवडता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांनीही राष्ट्रीय किंवा विद्यापीठ स्तरावरील प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास, बारावीचे विषय कोणतेही असले तरी, पदवीच्या कोणत्याही विद्याशाखेत प्रवेशाचा मार्ग मोकळा केला आहे. नियमाने दार उघडले तरी आत गेल्यावर पहिल्या सत्रात कलनशास्त्र समोर येते. त्याची तयारी नियम करून देत नाही. स्वबळावर दोन वर्षांचा अभ्यास भरून काढण्याची जिद्द ज्याच्यापाशी आहे, त्याच्यासाठी मात्र ही तरतूद मोलाची आहे.

विषय बदललेली माणसे

विषयांतराची उदाहरणे देताना आपल्याकडे यशाच्या कथा सांगण्याची पद्धत आहे. त्या कथांमधील एक तपशील सहसा सांगितला जात नाही, म्हणून तीन परिचित नावांकडे पुन्हा पाहू.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि त्यानंतर आपला ओढा अभियांत्रिकीकडे आहे, हे त्यांच्या लक्षात आले. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रवेश घेण्यासाठी लागणारी रक्कम त्यांच्या बहिणीने आपले सोन्याचे दागिने गहाण ठेवून उभी केली. विषय बदलण्याची किंमत असते आणि ती अनेकदा कुटुंबातील दुसरे कोणी तरी मोजते, हे या प्रसंगातून दिसते.

वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. ओहायो विद्यापीठातून १९७६ मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट मिळविली आणि त्यानंतर सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ते पुन्हा विद्यार्थी म्हणून जीवशास्त्र शिकू लागले. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना रायबोसोमच्या संशोधनासाठी विभागून मिळाले. प्रशांतचंद्र महालनोबिस हे कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. केंब्रिजमधील शिक्षण संपवून परतण्याच्या सुमारास त्यांच्या पाहण्यात ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक आले आणि संख्याशास्त्राची गोडी लागली. भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ मध्ये स्थापन झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा ज्या प्रतिमानावर उभा राहिला, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या तिघांचा विषय बदलला, परंतु तिघांच्याही हाती भौतिकशास्त्राने दिलेली गणिताची शिदोरी होती. ते रिकाम्या हाताने नव्या प्रांतात गेले नाहीत. मानव्यविद्यांतही असे घडते. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग समाजशास्त्र आणि पुढे बर्लिन येथे मानववंशशास्त्र असा त्यांचा प्रवास झाला. तत्त्वज्ञानाने दिलेली चिकित्सेची सवय पुढील विषयांत वाया गेली असे कोण म्हणेल? काही विषय विद्यार्थ्याबरोबर प्रवास करतात : गणित, संख्याशास्त्र, तर्क, एखाद्या भाषेवरील खरे प्रभुत्व. मनाचा निश्चय होत नसेल तर ज्या पदवीत अशा सोबत येणाऱ्या विद्येचे प्रमाण अधिक आहे, ती पदवी तुलनेने सुरक्षित होय.

स्पर्धा परीक्षा आणि पदवी

‘मला नागरी सेवेत जायचे आहे, मग पदवी कोणतीही चालेल’ असे अनेक विद्यार्थी मानतात. नियमांच्या दृष्टीने हे बरोबर आहे. नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही विषयातील पदवी चालते. मुख्य परीक्षेत २०१३ पासून एकच वैकल्पिक विषय आहे. त्याच्या दोन प्रश्नपत्रिकांना ५०० गुण असून लेखी परीक्षेचे गुणवत्तेसाठी धरले जाणारे एकूण गुण १७५० आहेत आणि मुलाखतीसाठी २७५. वैकल्पिक विषयांच्या यादीत २५ विषय आणि २३ भाषांचे साहित्य आहे आणि पदवीचाच विषय घेण्याचे बंधन नाही.

परंतु संघ लोकसेवा आयोगाच्या सर्वच परीक्षांना हे लागू नाही. भारतीय वन सेवेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूविज्ञान, गणित, संख्याशास्त्र, पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी एक विषय पदवीला असावा लागतो, अथवा कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची पदवी लागते. भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्र वा त्याच्या विहित उपशाखेतील पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी संख्याशास्त्राची पार्श्वभूमी लागते. अभियांत्रिकी सेवा आणि भूवैज्ञानिकांची परीक्षा यांच्या अटी उघडच आहेत. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी या पदासाठी पदवीला संख्याशास्त्र किंवा बारावीत गणितात किमान ६० टक्के गुण अशी अट आहे. विज्ञानाची आवड असूनही केवळ ‘तयारीला वेळ मिळावा’ म्हणून एखादी सोपी समजली जाणारी पदवी घेणारा विद्यार्थी यांतील अनेक परीक्षांची पात्रता स्वतःच्या हाताने गमावतो. त्याला ते पुष्कळदा तिसऱ्या वर्षी जाहिरात वाचताना कळते.

याहून गंभीर बाब संख्येची आहे. नागरी सेवा परीक्षा २०२४ साठी ९,९२,५९९ उमेदवारांनी अर्ज केले, ५,८३,२१३ जणांनी पूर्वपरीक्षा दिली आणि अखेरीस १,००९ जणांची शिफारस झाली. म्हणजे पूर्वपरीक्षा देणाऱ्या सुमारे ५७८ उमेदवारांमागे एक. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात. त्या सर्व वापरल्या तर पदवीनंतरची उमेदीची वर्षे यातच जातात. हे आकडे कोणाला परावृत्त करण्यासाठी दिलेले नाहीत. पण या परीक्षेच्या प्रतीक्षालयाप्रमाणे ज्याने पदवीची तीन वर्षे काढली, त्याच्या हाती निवड न झाल्यास काय उरते? ज्याने भूगोल, अर्थशास्त्र वा वनस्पतिशास्त्र मनापासून शिकले आहे, त्याच्यापुढे अध्यापन, संशोधन, बँका, सांख्यिकी यंत्रणा, खासगी क्षेत्र असे मार्ग असतात. पदवीची निवड करताना ‘ही परीक्षा अस्तित्वातच नसती तर मी हा विषय घेतला असता का’ असा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. उत्तर ठाम ‘नाही’ असेल, तर तो विषय वैकल्पिक म्हणून घेतानाही जड जाण्याची शक्यता मोठी आहे. कारण पाचशे गुणांच्या तयारीसाठी लागणारी चिकाटी आवडीखेरीज टिकत नाही.

विषयाची परीक्षा

विद्यार्थी विषयाची पारख करतो ती बहुधा त्याच्या नावावरून, नाही तर शिकवणाऱ्या शिक्षकांवरून. अकरावीतील उत्तम शिक्षकामुळे आवडलेला विषय महाविद्यालयात नीरस वाटू लागतो, कारण आवड शिक्षकांची होती. तसेच विषयाचे फलित आणि विषयाचे दैनंदिन काम यांत अंतर असते. मानसशास्त्राकडे माणसांची मने समजून घेण्याच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्रीय चाचण्यांना सामोरे जावे लागते. भूगोलात नकाशालेखन आणि दूरसंवेदनाची प्रात्यक्षिके असतात. मानववंशशास्त्रात चालीरीतींबरोबर अस्थी आणि अनुवंशशास्त्रही येते. राज्यशास्त्रात वृत्तपत्रांतील राजकारण थोडे आणि दीर्घ सैद्धांतिक ग्रंथांचे वाचन अधिक. भूविज्ञानासाठी उन्हातान्हात खडक चढावे लागतात. संगणक वापरणे आवडणे आणि संगणकशास्त्र आवडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

म्हणून विषयाचा प्रथम वर्षाचा नव्हे, तर द्वितीय आणि तृतीय वर्षाचा अभ्यासक्रम पाहावा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर तो उपलब्ध असतो. त्यातील नेमलेल्या एखाद्या पुस्तकाची दोन प्रकरणे ग्रंथालयात बसून वाचावीत आणि जुन्या प्रश्नपत्रिका चाळाव्यात. सर्व समजण्याची अपेक्षा नाही. न समजलेले समजून घ्यावेसे वाटते की पुस्तक मिटावेसे वाटते, एवढेच पाहावयाचे आहे. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या मंचावर अनेक विषयांची विद्यापीठ स्तरावरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. बारावीची परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधील दोन-तीन महिन्यांत दोन विषयांचे प्रत्येकी चार आठवडे ऐकले तरी निर्णयाला पुष्कळ आधार मिळतो. अभिरुची चाचण्यांचाही उपयोग आहे. श्रम व रोजगार मंत्रालयाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेत समुपदेशनाची सोय आहे. चाचणीचा निकाल मात्र दिशादर्शक फलकासारखा असतो. शुल्क आकारून ‘तुमचा पाल्य अभियंताच होणार’ असे सांगणाऱ्या चाचण्यांपासून दूर राहणेच बरे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा संभ्रम कधी कधी विषयाचा नसतोच. तो इंग्रजीचा असतो. विज्ञान किंवा अर्थशास्त्र आवडत असूनही ‘इंग्रजी झेपणार नाही’ म्हणून तो दुसरीकडे वळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना विनंती केली, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. २०२१-२२ पासून काही संस्थांत मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षणही सुरू झाले. संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीतच आहेत, ही वस्तुस्थिती तरीही राहते. पण विषयाच्या गोडीने भाषा येते याची उदाहरणे प्रत्येक महाविद्यालयात सापडतात, तर भाषेच्या भीतीने सोडलेला विषय सहसा परत येत नाही.

सर्व पर्यायांची तुलना करून सर्वोत्तम पर्याय शोधण्याचा हट्ट हाही एक अडथळा असतो. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले, की मर्यादित माहिती आणि मर्यादित वेळ असलेला माणूस सर्वोत्तमाचा नव्हे, तर पुरेशा समाधानकारक पर्यायाचा स्वीकार करतो आणि तसे करण्यात गैर काही नाही. विद्यार्थ्याने आपले किमान निकष आधी ठरवावेत : विषय रोज तीन तास सहन होईल का, पुढे किमान दोन मार्ग निघतात का, खर्च झेपतो का. या कसोट्या पार करणारा पहिला पर्याय स्वीकारण्यास हरकत नसावी.

खर्च आणि कुटुंब

पालकांशी होणारे मतभेद पुष्कळदा विषयावरून नसून भीतीवरून असतात. ज्या घरातून पहिलाच मुलगा वा पहिलीच मुलगी महाविद्यालयात जात आहे, तेथे ‘याने नोकरी मिळेल का’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘मला आवडते’ हे होऊ शकत नाही. विषयाचा अभ्यासक्रम, त्यानंतर खुल्या असलेल्या परीक्षांची यादी आणि तीन वर्षांचा खर्च अशा तीन गोष्टी एका कागदावर मांडून झालेली चर्चा अधिक फलदायी होते. खर्चात शुल्काबरोबर वसतिगृह, प्रवास आणि, विषय बदलल्यास, एका अधिक वर्षाचा भार धरावा. कलाम यांच्या बहिणीच्या दागिन्यांची जागा आता काही प्रमाणात शैक्षणिक कर्जाने घेतली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार उच्च शिक्षण संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण किंवा जामीनदार यांविना कर्ज देण्याची तरतूद आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही आहे. योजना ठरावीक संस्थांपुरती आहे; ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा, ते यादीत आहे की नाही हे अर्जापूर्वी पाहावे लागते.

प्रवेश घेतल्यानंतर काही आठवड्यांतच चूक लक्षात आली, तर काय करावे, हेही माहीत असावे. विद्यापीठ अनुदान आयोग शुल्क परताव्याचे धोरण जाहीर करीत असतो. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केल्यास अधिकाधिक १,००० रुपये वजा करून उर्वरित शुल्क परत देण्याचे निर्देश होते. त्या त्या वर्षाच्या तारखा आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. ती अडकवून ठेवणाऱ्या संस्थेविरुद्ध विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येते.